दोघांच्या घरचा नाताळ

आगमनकाळ सुरू झाला, की आमच्याकडे येणाऱ्या मंडळींच्या प्रश्नांचे स्वरूप पालटते. एरवी लग्नाचे दाखले, मुलांचे शाळाप्रवेश आणि घरातील तंटेबखेडे यांविषयी विचारणारे लोक आता गव्हाणी कोठे मांडावी, गायकवृंदाने सराव केव्हा करावा, मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर घरी परतण्यास वाहन मिळेल काय, असे विचारू लागतात. या प्रश्नांची उत्तरे आम्हांस पाठ आहेत. परंतु गेल्या वर्षी आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी एका वृद्ध भगिनीने जो प्रश्न केला, त्याचे उत्तर आम्हांस तेथल्या तेथे सुचले नाही. मिस्सा आटोपल्यावर त्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, दोघांसाठी नाताळचे जेवण करायचे तरी काय?"

हे दांपत्य मूळचे वसईचे. रेल्वेच्या नोकरीमुळे सुरतेस आले आणि निवृत्तीनंतर नानपुऱ्यातच राहिले. एक मुलगा कॅनडात, दुसरा दुबईत. एके काळी त्यांच्या घरी नाताळच्या दिवशी चौदा-पंधरा पाने मांडली जात. आदल्या दिवशीच इंद्यालाचे पातेले तयार असे, पहाटे फुगे तळले जात आणि शेजारच्या गुजराती घरांत केळीच्या पानावरून गोड पदार्थांची ताटे जात. आता घरात दोनच माणसे. आम्ही विचारले, "त्याच्या आदल्या वर्षी काय केलेत?" बाईंनी क्षणभर मान खाली घातली. "रात्रीची खिचडी होती, ती गरम केली," असे त्या म्हणाल्या.

वाचकहो, ही दारिद्र्याची गोष्ट नव्हे. त्या घरात पैसा आहे, आरोग्यही बेताचे का होईना, पण आहे. नव्हते ते एवढेच, की चूल पेटविण्यास पुरेसे कारण. "एवढेसे करून काय करायचे?" हे वाक्य आम्ही अलीकडे इतक्या घरांतून ऐकले आहे, की हा आमच्या धर्मग्रामातील एक नवा रोगच म्हणावा लागेल. पोरे परदेशी गेली, जोडीदार निवर्तला, घर रिकामे झाले, की माणसे प्रथम सण लहान करतात आणि मग तो सोडूनच देतात.

यात आमचाही दोष आहे, तो कबूल करणे बरे. नाताळच्या सकाळी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आम्ही केक आणि चहाचा कार्यक्रम ठेवतो. शेकडो लोक भेटतात, हस्तांदोलने होतात, छायाचित्रे निघतात. त्यावरून सर्वांचा नाताळ उत्तम पार पडला, असे आम्ही समजून चालत होतो. हे वृद्ध दांपत्य केकचा तुकडा हाती घेऊन कोणत्या घराकडे परत जात होते, याचा विचार आमच्या मनास शिवला नव्हता.

याच सुमारास आणखी एका दांपत्याची भेट झाली. ही मुले नवापूरकडची. लग्नाला आठ महिने झालेले. उधन्याला एका खोलीत बिऱ्हाड. तो यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत काम करतो, ती साड्यांवर टिकल्या-खडे चिकटविण्याचे काम घरी आणते. लग्नानंतरचा पहिला नाताळ, पण त्यास रजा नव्हती. "गावी गेलो असतो तर सारे एकत्र असतो. इथे काय, दोघेच तर आहोत," असे तो म्हणाला. वृद्ध बाईंचे आणि या तरुणाचे शब्द जवळजवळ सारखेच होते. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी ही दोन घरे, आणि दोहोंस वाटत होते, की आपले घर सणास अपुरे आहे.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सुरतेच्या इतिहासात सापडले. सन १६८९ मध्ये जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रजांचा पाद्री या शहरात आला होता. त्याने पुढे लिहिलेला प्रवासग्रंथ १६९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजांच्या वखारीतील भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. त्या मुदपाकखान्यात एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी असे तीन आचारी होते. ताटे चांदीची. रविवारी आणि सणाच्या दिवशी हरिण, मोर, ससे आणि तितर यांचे मांस पानावर येई. एवढ्या थाटाच्या वर्णनातच त्याने या देशातील एका साध्या पदार्थाची नोंद करून ठेवली आहे. कोंबडीच्या पोटात मनुका आणि बदाम भरावेत, आणि कोणत्याही लहानशा भांड्यात ती लोण्यात शिजवावी, असा तो पदार्थ. त्याचे नाव त्याने ऐकले तसे लिहिले आहे. मूळ शब्द दमपुख्त, म्हणजे वाफ कोंडून शिजविलेले. अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'तही या नावाचा पदार्थ आहे.

त्या वखारीची पंगत केव्हाच उठली. तिचे वैभव पाहावयाचे तर आता कतारगाम दरवाजाजवळील इंग्रजांच्या दफनभूमीतील घुमटदार थडगी पाहावी लागतात. परंतु लहान भांडे, मूठभर मेवा आणि एक छोटी कोंबडी हे तिन्ही पदार्थ आजही कोणत्याही घरी जमू शकतात. ज्या पंगतीस तीन आचारी लागत ती संपली, आणि एका गृहिणीस एका शेगडीवर जमणारी कृती मात्र टिकली, याचे आम्हांस मोठे समाधान वाटले. नानपुऱ्याच्या बाईंना आम्ही निरोप धाडला, की या नाताळला तुमच्या घरी एक अख्खी कोंबडी शिजेल आणि ती चौघांत वाटली जाईल. चौघे कोण, ते सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

आता कृतीकडे वळू. आमचा या विषयातील अधिकार अल्प आहे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकलो, पाकशास्त्र नव्हे. पुढे जे लिहीत आहोत ते त्या बाईंनी करून दाखविले आणि आम्ही शेजारी उभे राहून टिपून घेतले.

चौघांसाठी साफ केल्यावर सातशे ते आठशे ग्रॅम भरेल अशी कोंबडी घ्यावी. गावठी तलंग, म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, मिळाली तर सोन्याहून पिवळे. नाही तर बाजारातील लहान ब्रॉयलर चालेल. खाटकाकडून ती कातडीसकट आणि अखंड आणावी, काळीज वेगळे मागून घ्यावे. घरी आल्यावर ती नळाच्या धारेखाली धुऊ नये. आपल्याकडे तशी सवय आहे, परंतु उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर कच्च्या मांसातील रोगजंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. स्वच्छ कागदाने आतून-बाहेरून टिपून घ्यावी आणि हात साबणाने धुवावेत. मग दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, आले-लसणाचे वाटण आणि एका लिंबाचा रस आतून-बाहेरून चोळून ती तीन-चार तास शीतपेटीत झाकून ठेवावी.

पोटात भरण्यासाठी वाटीभर अर्धकच्चा भात घ्यावा. तुपावर एक कांदा तांबूस परतून त्यात काळजाचे बारीक तुकडे, चार मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा एक तुकडा, दोन चमचे मनुका आणि भिजवून सोललेले दहा-बारा बदाम घालावेत. सुरतेत या दिवसांत पातीचा हिरवा लसूण मुबलक येतो. तो मूठभर चिरून घातला, तर ओव्हिंग्टनसाहेबास जे साधले नसेल ते साधते. हे सारे भातात कालवून घ्यावे. शिजविण्याच्या ऐन वेळीच ते पोटात भरावे आणि दोन-तृतीयांशच भरावे. भात फुगतो, शिवाय फार ठासून भरले तर उष्णता मध्यापर्यंत पोहोचत नाही. नंतर पाय दोऱ्याने बांधावेत.

भांडे जाड बुडाचे आणि कोंबडी जेमतेम मावेल एवढेच असावे. भांडे मोठे घेतले, तर तूप वाया जाते आणि वाफ विरळ होते. तीन-चार चमचे तुपात कोंबडी सर्व बाजूंनी दहा मिनिटे तांबूस करावी. भोवती उभा चिरलेला कांदा आणि अर्धी वाटी पाणी घालावे, झाकण ठेवून त्याची कड मळलेल्या कणकेने बंद करावी. भांड्याखाली तवा ठेवून मंद आंचेवर ब्रॉयलर तासभर, तलंग सव्वा ते दीड तास शिजू द्यावी. आंच बंद केल्यावर पाव तास झाकण उघडू नये. उघडल्यावर मांडीच्या जाड भागात सुरी खुपसून पाहावी. निघणारा रस स्वच्छ असावा, त्यात लाली नसावी, आणि पोटातील भातही वाफाळता असावा. ज्यांच्या घरी स्वयंपाकाचा उष्णतामापक आहे, त्यांनी मांस आणि भात या दोहोंत ७४ अंश सेल्सिअस पाहून घ्यावेत. अद्याप कच्चे वाटल्यास झाकून पुन्हा आंच द्यावी, लाजू नये.

या पद्धतीचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. आमच्या शहरात आपले अनेक शेजारी जैन आणि वैष्णव आहेत. त्यांच्या घराशेजारी मांस शिजविताना आपल्या मनास संकोच होतो, आणि तो असावाच. कणकेने बंद केलेल्या भांड्यातून वास फारसा बाहेर जात नाही. सण आपला असला तरी भिंत दोघांची असते, ही जाणीव ठेवूनही सण साजरा करता येतो.

पक्ष्याच्या निवडीसंबंधी दोन शब्द. एका उत्साही तरुणाने आम्हांस सुचविले, की लहान पक्षीच हवा तर माणशी एक लावा का आणू नये? कल्पना चांगली, परंतु रानातील लावा किंवा तितर धरणे, मारणे वा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ख्रिस्तजन्माच्या ताटात चोरीची वस्तू नसावी. पाळीव जपानी लावा ही गोष्ट निराळी. तो १९७४ साली आपल्या देशात आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संस्थेत त्याचे संवर्धन झाले. पाच-सहा आठवड्यांत तो वाढतो आणि जिवंतपणी त्याचे वजन दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. परवानगीने चालविलेल्या केंद्रातून तो मिळाल्यास माणशी एक पुरतो आणि बंद भांड्यात वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो. तथापि आमचे मत एकाच पक्ष्याच्या बाजूने आहे. त्याचे कारण पुढे येईल.

नीट शिजविण्यावर आम्ही इतका भर का देतो, हे नवापूरच्या लोकांस सांगावे लागत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव तेथेच नोंदला गेला. लगतच्या उच्छल भागातही तो आढळला. त्या परिसरातील कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. शेडच्या शेडी ओस पडल्या. मांस आतपर्यंत ७० अंशांवर शिजले, तर तो विषाणू नष्ट होतो, हे डॉक्टर सांगत होते, परंतु भीतीपुढे शास्त्राचा आवाज पोहोचण्यास वेळ लागतो. कुक्कुटपालनावर पोट असणारी कितीतरी घरे त्या वर्षी उघड्यावर आली.

कोणी म्हणेल, धर्मगुरूने कोंबडीच्या मांसावर इतकी शाई का खर्चावी? सणाच्या जेवणाविषयी उदासीन राहणे हीच खरी भक्ती, असा एक समज आपल्यात आहे. त्यास उत्तर देण्यासाठी आम्ही असिसीच्या संत फ्रान्सिसचा आधार घेतो. गरिबीस ज्यांनी आपली सहचारिणी मानले, त्यांच्याइतका साधा माणूस आणखी कोण? एका वर्षी नाताळ शुक्रवारी आला, तेव्हा मांस खावे की नाही, असा प्रश्न त्यांच्या बंधूंपुढे पडला. संतांनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. अशा दिवशी भिंतींनीदेखील मांस खावे, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान त्यांना वरून ते चोपडावे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आजच्या धर्मसभा-कायद्यानेही महासण शुक्रवारी आल्यास मांसत्यागाचे बंधन उरत नाही. फ्रान्सिसनी एवढ्यावरच थांबू नये, असे आपल्याला वाटेल, आणि ते थांबलेही नाहीत. त्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांस पोटभर जेवू घालावे, बैल-गाढवांना नेहमीहून अधिक चारा मिळावा, आणि राजाज्ञेने रस्त्यांवर धान्य टाकून पाखरांचीही सोय व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. चबुतऱ्यावर पारव्यांना ज्वारी टाकणाऱ्या आपल्या गुजराती शेजाऱ्यांस ही इच्छा मुळीच परकी वाटणार नाही.

याच फ्रान्सिसच्या परंपरेतील कॅपुचिन संन्यासी सतराव्या शतकात सुरतेत राहत होते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा या संन्याशांपैकी फादर अँब्रोज यांच्या निवासास त्यांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. सधन पेढ्यांच्या या नगरीत त्या फकिरांचे घर उठून दिसले, ते त्यातील संपत्तीमुळे नव्हे. लहान घराचीही प्रतिष्ठा असते, आणि ती ओळखणारा राजाही असतो, हे मराठी भाविकांनी विसरू नये.

आणि पक्ष्यांचाच विषय आहे, तर प्रभूच्या बालपणीचा तो प्रसंग आठवावा. बाळ चाळीस दिवसांचे झाल्यावर मरिया आणि योसेफ यांनी त्यास मंदिरात नेले. प्रसूत झालेल्या मातेने वर्षाचे कोकरू अर्पावे, आणि ती ऐपत नसल्यास होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले द्यावीत, असा मोशेचा नियम होता. संत लूकने आपल्या शुभवर्तमानात कोकराचा उल्लेख केलेला नाही, फक्त पक्ष्यांचा केला आहे. गरिबाचे अर्पण घेऊन ते पवित्र कुटुंब मंदिराची पायरी चढले. अर्पण लहान होते म्हणून योसेफ घरी बसला नाही. "दोन पारवे घेऊन काय जायचे?" असे तो म्हणाला असता, तर म्हातारा शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना यांना ते बाळ त्या दिवशी दिसले नसते. आपण आपला लहानसा सण रद्द करतो, तेव्हा आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेला एखादा शिमोन, एखादी हन्ना आपल्याला मुकत असेल काय, हा विचार आमच्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

गेल्या नाताळच्या संध्याकाळी काय झाले, ते आता सांगतो. उधन्याच्या दांपत्यास आम्ही नानपुऱ्यास जेवावयास बोलाविले आहे, असे कळविले. त्यांनी रिकाम्या हाती येण्यास साफ नकार दिला. मुलीच्या आईने नवापूरहून एक तलंग पाठविली, सुरत-भुसावळ मार्गावरील गाडीने, ओळखीच्या माणसाबरोबर, टोपलीत घालून. नवापूरचे ते स्थानक, ज्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, तेथून ती टोपली निघाली. मनुका आणि बदाम दुबईच्या मुलाने आईवडिलांस धाडलेले होते, ते डबे न उघडताच कपाटात पडून होते. तांदूळ वसईच्या घरचा. अशा रीतीने जे पातेले नानपुऱ्याच्या शेगडीवर चढले, त्यात दोन्ही घरांचा वाटा होता. यजमान कोण आणि पाहुणे कोण, हे सांगता येऊ नये, अशी ती पंगत होती.

तरुणाची पाळी सातला सुटली. तो आठ वाजता आला, केसांत अद्याप सुताचे तंतू होते. आम्ही आशीर्वाद देऊन निघणार होतो, परंतु बाईंनी पाचवे पान मांडले. पातेले मेजावर आणून कणकेची कड सुरीने फोडली तेव्हा जी वाफ निघाली, तिच्याबरोबर त्या घरातील दोन वर्षांचा शांतपणाही बाहेर पडला, असे आम्हांस वाटले. एका बाजूस फुगे होते, दुसऱ्या बाजूस त्या मुलीने थापलेल्या ज्वारीच्या भाकरी.

मग अडचण उभी राहिली. तंगड्या दोन आणि माणसे पाच. आजोबांनी पहिली तंगडी तरुणाच्या पानात घातली. त्याने ती आजींच्या पानात ठेवली. आजींनी ती नव्या सुनेकडे सरकविली. दुसरी आमच्याकडे आली, ती आम्ही आजोबांस दिली. असा प्रकार बराच वेळ चालला आणि सारे हसू लागले. मोठ्या पातेल्यातील रश्श्यात कोणाच्या वाट्यास काय आले, ते कोणास कळत नाही. लहान पक्षी वाढताना मात्र प्रत्येकाच्या पानाकडे पाहावे लागते, कोणास काय आवडते ते आठवावे लागते, आणि आपला घास थोडा कमी करावा लागतो. माणशी एक पक्षी ठेवला असता, तर कोणास कोणासाठी काही सोडावे लागले नसते. आम्ही एकाच पक्ष्याचा आग्रह धरला होता तो याचसाठी.

जेवता जेवता त्या तरुणाने आपल्या घरची हकीकत सांगितली. २००६ साली तो आठ वर्षांचा होता. वडील एका कुक्कुटशेडवर मजूर होते. कोंबड्या पुरल्या गेल्या, काम सुटले, आणि वडील ऊसतोडीस निघून गेले. त्या वर्षीच्या नाताळास ते घरी आलेच नाहीत. "त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्या घरात कोंबडीचे नाव कोणी काढत नव्हते," तो म्हणाला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी ती फिरत राहिलेली तंगडी उचलून त्याच्या पानात ठेवली, आणि या वेळी त्याने ती परत केली नाही.

जेवण संपल्यावर आजींनी हाडे फेकली नाहीत. आले आणि मिरी घालून त्यांचा रस्सा उकळत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यात तांदळाची पेज केली. दुसरा दिवस, २६ डिसेंबर, संत स्तेफनचा सण. आपण त्यांना पहिले हुतात्मे म्हणून ओळखतो. परंतु प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात त्यांची नेमणूक प्रथम कशासाठी झाली, ते पाहा. रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होत होती, ती होऊ नये, म्हणून निवडलेल्या सात जणांत ते होते. आधी पंगतीत कोणी उपाशी राहत नाही ना, हे पाहण्याचे काम आणि मग हौतात्म्य, असा त्यांचा क्रम आहे. आम्हां धर्मगुरूंस हा क्रम विसरता येत नाही, आणि आम्ही तो काही वर्षे विसरलो होतो, याची टोचणी आहे.

यंदा आमच्या धर्मग्रामात आम्ही केक आणि चहा ठेवूच. त्यासोबत चर्चच्या दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी नाताळला दोनच माणसे आहेत, किंवा एकच आहे, त्यांनी तीत आपले नाव लिहावे, आणि ज्यांना आणखी दोन पाने मांडता येतील, त्यांनीही लिहावे. पहिल्या रविवारी त्या वहीत पहिले नाव लिहिले गेले, ते नानपुऱ्याच्या बाईंचे. त्यांनी दुसऱ्या रकान्यात लिहिले आहे: दोन पाने मांडू शकतो, भांडे लहान आहे, पण पुरेल.

उधन्याच्या त्या घरी आता पाळणा बांधला गेला आहे. तेव्हा या वर्षी नानपुऱ्यास किती पाने मांडावी लागतील, हे आम्हांस नक्की सांगता येत नाही. वाचकहो, आपल्या घरीही पातेले लहान असेल, तर ते मोठे होण्याची वाट पाहू नका. एक तलंग आणा, मूठभर मनुका शोधा, आणि आपल्याच वाड्यात आज रात्री खिचडी गरम करून कोण खाणार आहे, याची आधी चौकशी करा. त्याचे पान मांडल्यावरच शेगडी पेटवा. आपणा सर्वांस बाळ येशूच्या जन्माच्या मंगल शुभेच्छा.